वाळवंटाकडे सहा मागण्या

वाळवंट पाहायला जायचं हे आमच्या घरात मायनं ठरवलं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यानंतर अख्खी कॉलनी म्हणत होती की हे सारं खूळ त्या पत्रकवाल्याचं. पत्रकवाला म्हणजे मी. खुळाचा आरोप मला मान्य नाही. पत्राचा मान्य आहे.

आम्ही तेव्हा कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. बाबा कोळशाकडे होते. रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेला कोळसा पट्ट्यावरून भट्टीकडे जातो, त्या पट्ट्यावर. बाबा काळे होऊन घरी येत आणि बाहेर वाळत घातलेले कपडे करडे होऊन. चिमणीची राख वारा नेईल तिकडे जायची आणि वाऱ्याला आमचीच क्वार्टर्सची लाइन आवडायची. कामगाराची लाइन म्हटल्यावर वारासुद्धा ऐकत नाही, असं मी तेव्हा म्हणत असे.

मायजवळ एक पांढरं नऊवारी लुगडं होतं. छप्पन साली दीक्षा घेताना नेसलेलं. वर्षातून दोनदा ते पेटीतून निघायचं, दीक्षेच्या दिवशी आणि बुद्धजयंतीला. धुतल्यावर बाहेर घालायची सोय नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात चुलीवरून, फडताळावरून, दाराच्या कडीपर्यंत तीन घड्यांत ताणून वाळवायचं. परिणाम असा की विहारात माय वंदनेला बसली की आजूबाजूला लसणाच्या फोडणीचा वास सुटे. बाबा म्हणायचे, "तुही माय आली का लोकाइले भूक लागते."

कोळशाच्या ट्रकवाल्यानं एका दिवाळीला बाबांना कॅलेंडर दिलं. त्यावर रेतीची टेकडी आणि रंगीत ओढण्या घेतलेल्या तीन बाया, डोक्यावर घागरी. खालच्या तारखा संपल्या तरी मायनं चित्र काढू दिलं नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तिथी राख नाही."

"माय, तिथी पाणीबी नाही," मी म्हणालो.

"पाणी मी इथून नेईन. राख नाही ना?"

"नाही."

"मंग माहं लुगडं एक डाव तिथी वाळू घालाचं आहे. बाहेर. पुरं उघडून."

बस. एवढंच कारण. लोक किल्ले पाहायला जातात, देवाला जातात. माझी माय दीड हजार किलोमीटर कपडा वाळवायला निघाली होती, आणि आजही मला यापेक्षा सरळ कारण कोणी सांगितलेलं नाही.

योग जुळला तो असा की त्या हिवाळ्यात वीजनिर्मितीचा एक संच दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. त्यामुळे कोळशाकडच्या लोकांना एकदम रजा मिळणार होती, आणि दर काही वर्षांनी मिळते ती प्रवासाची सवलतही त्याच वर्षी संपत होती. सात बिऱ्हाडं तयार झाली. माणसं चोवीस. बस करायची, राजस्थानात दहा-अकरा दिवस फिरायचं, स्वयंपाकाचं सामान सोबत.

कडुनिंबाखाली सभा झाली. सभेला मी कार्यक्रमाचा मसुदा सायक्लोस्टाइल करून नेला होता. त्याचं शीर्षक होतं 'पर्यटन कोणासाठी?' मला वाटतं शीर्षक चांगलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "आमच्यासाठी गा. दुसऱ्या कोणासाठी?"

या काकू म्हणजे कॉलनीचा विरोधी पक्ष. काका टर्बाइनवर होते, ते घरी काही बोलत नसत. त्यामुळे काकूंकडे दोघांचा आवाज होता. त्यांना नाथद्वारा आणि पुष्कर हवं होतं. पण त्याआधी त्यांनी माझा मसुदा सोलून काढला.

"महाल काहून नाहीत याच्यात?"

"महाल वगळण्यात आले आहेत," मी म्हणालो. "ते वेठबिगारीतून उभे राहिले."

"मंग पाहाचं काय बाप्पा? नळ?"

"विहिरी. दुष्काळात मजुरांनी खणलेले तलाव. मिठागरं. दगड फोडणारे, कांबळी विणणारे लोक."

"मजूर पाहाले एवढ्या दूर काहून जाचं? सकाळच्या पाळीले गेटावर उभी राह्यते, सारे दिसतात. माह्या घरचाबी दिसते."

सभा हसली. काकाही हसले. मी आवाज चढवला आणि विचारलं की त्या महालांचे दगड कोणी वाहिले, कोणी घडवले, याचा इथे बसलेल्यांपैकी एकानं तरी कधी विचार केला आहे का.

"मजुराइन घडवले," काकू म्हणाल्या. "मंग त्याइनं एवढं चांगलं काम केलं, त पाह्यलं पाह्यजे का नाही?"

मुद्दा बिनतोड होता. चुकलो तर चुकलो म्हणायची हिंमत ठेवावी, म्हणून मी तिथेच दुरुस्ती लिहून घेतली: 'महाल, मजुरांचे काम म्हणून पाहणे.' नाथद्वारा आणि पुष्करही बहुमतानं आले. मायची रेतीची टेकडी सातव्या मुक्कामाला होती आणि तिला कोणाचाच विरोध नव्हता. टेकडीला पुजारी नाही, राजा नाही, कोण कशाला विरोध करेल?

अडचण आली ती बसवाल्याकडून. बस जवळच्या खापा गावची. मालकच चालवायचा. गेली कित्येक वर्षं त्यानं लग्नाच्या वराती सोडून दुसरं काही नेलं नव्हतं. पुढच्या सीटला झालर लावलेली, ती नवरदेवाची. बाबा शाळेचा नकाशा घेऊन त्याच्यासमोर बसले. बैतूल, भोपाळ, कोटा, जोधपूर असा सुतळीनं रस्ता मोजून दाखवला.

"सुतळीले घाट लागत नाही, भाऊ," तो म्हणाला. "बैतूलच्या घाटात मी पाह्यतो तिले. बरं, लगन कोनाचं?"

"लगन नाही," बाबा म्हणाले.

"मंग? बारसं?"

"वाळवंट पाहाचं आहे."

"पाहून?"

"वापस याचं."

त्यानं नकाशा उलटा करून पाहिला. मग त्यानं त्याच्या दृष्टीनं अगदी रास्त प्रश्न विचारला, "मंग तिथी जानोसा कोन देईन?" जानोसा म्हणजे वरात उतरवायची जागा. मुलीकडचे लोक ती देतात. त्याच्या आयुष्यात बस जिथे जिथे थांबली तिथे कोणीतरी पाण्याचे तांबे घेऊन उभं होतं. "बिना जानोशाची गाडी मी काढली नाही आजवर. चिठ्ठी दाखवा, जागा आहे म्हणून. मंग चाकं हलतीन."

सहा मुक्कामांची सोय झाली. कोणाचा साळा निघाला, कोणाच्या ओळखीचा लाइनमन निघाला. राहिला सातवा, टेकडीजवळचा. गेटावरचा चौकीदार पूर्वी फौजेत होता, तो तिकडे राहिलेला. त्यानं सांगितलं की त्या गावात एकच धर्मशाळा आहे, तिच्या व्यवस्थापकाला लिहा, माणूस बरा आहे. सभेनं ठराव केला: महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडून होकार आला तर वाळवंट, नाही तर पचमढी.

"पचमढीबी चांगली आहे," काकू मायला म्हणाल्या. "हिरवीगार."

"तिथी लुगडं वाळन का वं?" मायनं विचारलं.

"धुकंच असते सारं. काहाले वाळन."

माय पदर झटकून उठली.

पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉलनीत लिहिणारा मीच. आणि आता मी काय केलं ते सांगतो. मला पत्र लिहिता येत नव्हतं. मला निवेदन लिहिता येत होतं. वयाच्या सतराव्या वर्षापासून मी वसतिगृहाच्या पाण्यासाठी, बसच्या पासासाठी, रॉकेलसाठी निवेदनंच लिहीत आलो होतो. हात तसाच चालायचा. पाहुण्यांनी जागा मागायची असते तेव्हा 'कृपया' लिहितात, हे मला ठाऊक होतं. पण 'कृपया' लिहून या देशात कोणाला काय मिळालं आहे?

त्यात एक खरा राग होता. तो मी लपवणार नाही. माझ्या लहानपणी बाबा आम्हाला घेऊन एका तीर्थाच्या गावात अडकले होते, बस बिघडली म्हणून. तिथल्या धर्मशाळेत वहीत जात लिहायचा रकाना होता. बाबांनी खरं सांगितलं. जागा नाही, असं उत्तर आलं, आणि आम्ही स्टँडवर बसून रात्र काढली. त्यामुळे हिंदीत लिहिलेल्या माझ्या निवेदनाची पहिली मागणी होती: खोली देताना जात विचारली जाऊ नये. दुसरी, पिण्याचं पाणी सर्वांना एकाच ठिकाणाहून मिळावं. तिसरी संडासाविषयी, चौथी कंदिलाविषयी. पाचवी मायची: प्रवासी महिलांना छतावर कपडे वाळवण्याचा अनिर्बंध अधिकार असावा. सहावी, व्यवस्थापनाने कष्टकरी जनतेशी सन्मानाने वागावे. ड्रायव्हरला दाखवायला लेखी होकार हवा, हे सुरुवातीलाच लिहिलं होतं. खाली नेहमीप्रमाणे: 'आठ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास आम्हा चोवीस जणांना पुढील पाऊल उचलणे भाग पडेल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.'

आणि त्याखाली, 'प्रत माहितीसाठी.' निवेदनाला प्रती नसतील तर ते निवेदन कसलं! एक प्रत त्या भागातल्या सर्वांत मोठ्या साहेबाला, एक ठाण्याला.

दोन आठवडे काहीच आलं नाही. माय रोज टपालवाल्याची सायकल वाजली की हात पुसत दारात यायची. शेवटच्या रविवारच्या दोन दिवस आधी निळं अंतर्देशीय आलं. बारीक, सुबक अक्षर. मी ते उभ्यानंच वाचलं, मग बाबांनी मोठ्यानं वाचायला लावलं.

व्यवस्थापकानं लिहिलं होतं की आपलं पत्र मिळालं. आपल्या प्रतीही ज्यांना मिळायच्या त्यांना मिळाल्या. नागपुराहून चोवीस जणांचा मोर्चा येतो आहे का, अशी विचारणा करायला ठाण्याचा शिपाई दोनदा आला, दोन्ही वेळा चहा पिऊन गेला. मग त्यानं एकेका मागणीला उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या निवेदनाला मागणीवार उत्तर देणारा तो पहिला माणूस. पहिल्या मागणीसमोर लिहिलं होतं: 'जाति का खाना रजिस्टर में छपा हुआ है। हम खाली छोड़ देंगे।' पाण्याला आणि कंदिलाला हो. संडास एकच आहे, तो सर्वांना समान आहे. पाचवीला: 'छत सबकी है।' सहावीला: 'आप भी कीजिए।'

शेवटी एक अट. ज्या सज्जनांनी या सहा मागण्या लिहिल्या, त्यांनी स्वतःच्या सहीनं हमीपत्र पाठवावं की धर्मशाळेत नारा, झंडा, पर्चा आणि भाषण होणार नाही. ते आलं की जागा पक्की. तोवर हे पत्र ड्रायव्हरला दाखवायला चालेल.

बाबांनी चष्मा काढला. "झालं," ते म्हणाले.

हे 'झालं' का, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी वसतिगृहाच्या पाण्यावरून आम्ही जेवणावर बहिष्कार टाकला, तेव्हा कॉलेजनं प्रत्येकाकडून चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र मागितलं होतं. बाकीच्यांनी दिलं. मी दिलं नाही. परीक्षेला बसू दिलं नाही, वर्ष गेलं. त्यावर मी जे पत्रक काढलं त्याचा मथळा होता 'हमीपत्र म्हणजे गुलामीची पावती!' त्याच्या उरलेल्या प्रती मायनं फडताळात डब्यांखाली अंथरल्या होत्या.

बाबा उठले, चहाचा डबा बाजूला सरकवला आणि तेलाचे डाग पडलेला कागद वाचायला लागले. "'जो हात हमीपत्रावर सही करतो तो हात पुन्हा मूठ वळू शकत नाही.' हे तूच लिहिलं ना गा?"

"हो."

"मंग आता कोन्या हातानं करशीन? डाव्या?"

"मी सही करणार नाही. त्या माणसानं माझ्या मताचा हक्क विकत मागितला आहे."

"तो एक राताची जागा देऊन राहिला, हक्क कुठी मागते?"

मी भाषण सुरू केलं. ते चांगलं झालं असतं. मधेच माझ्या लक्षात आलं की माय स्वयंपाकघरात नाही. ती आतल्या खोलीत पेटी उघडून बसली होती. लुगडं तिनं आठवडाभर आधीच काढून पिशवीत ठेवलं होतं, साबणाच्या दोन वड्यांसकट. ते ती आता परत पेटीत ठेवत होती. साबण बाहेर काढून, कारण साबण घरात लागणार होता.

"माय, काय करून राहिली?"

"काही नाही गा. पचमढीले सुती बरं नाही, ओलं राह्यते." मग माझ्याकडे न बघता, "तू नोको करू सही. परीक्षेच्या टायमाले नाही केली, त आता काहाले?"

ती टोमणा मारत नव्हती, हीच पंचाईत. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे टोमण्यांची उत्तरं तयार असतात.

मी टेबलाशी बसलो. हमीपत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी 'सदर हमी दडपणाखाली देण्यात येत आहे' असं घातलं, बाबांनी ते खोडलं. दुसऱ्यात 'ही हमी धर्मशाळेच्या कुंपणाच्या आतच लागू राहील' असं घातलं, ते त्यांनी राहू दिलं, कारण तोवर टपाल निघायची वेळ झाली होती. खाली सवयीनं 'प्रत' लिहिलं गेलं. त्यापुढे मी लिहिलं: 'कोणालाही नाही.' सही उजव्या हातानं केली. नंतर बाहेर जाऊन मूठ वळून पाहिली. वळत होती. म्हणजे पत्रकात एक वाक्य खोटं लिहिलं गेलं होतं. त्याचा राग मला सहीपेक्षा जास्त आला.

रविवारच्या सभेत पत्र वाचलं. बसवाल्यानं ते स्वतः हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, हिंदी त्याला वाचता येत होती. "छत सबकी है," तो म्हणाला. "चांगला व्याही आहे." आणि चाकं हलली.

प्रवासाचं सगळं इथे सांगत नाही. बैतूलच्या घाटात सुतळी हरली. महाल आम्ही मजुरांचे काम म्हणून पाहिले आणि काकू प्रत्येक नक्षीशी थांबून मला म्हणायच्या, "पाहा गा, तुह्ये मजूर." नवरदेवाच्या झालरीच्या सीटवर पाळीपाळीनं सगळे बसले. सातव्या मुक्कामी पोचलो तेव्हा व्यवस्थापक दारात तांबे घेऊन उभा होता. बसवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहीत व्यवस्थापकानं चोवीस नावं घातली आणि मधला रकाना कोरा सोडला. बाबा वाकून तो कोरा रकाना वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मी तोंडातून शब्द काढला नाही. कुंपणाच्या आत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं लुगडं धुतलं. पाणी तिनं खरंच घरून आणलं होतं, दोन डबे. मग छतावर गेली आणि नऊ वार पुरं उघडून कठड्यावरून बाहेरच्या बाजूला सोडलं. मागे रेती, निळं आभाळ, आणि धर्मशाळेच्या तोंडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढराशुभ्र कपडा.

पाचच मिनिटांत जिना धडधडला. व्यवस्थापक धापा टाकत वर आला. हातात माझं हमीपत्र.

"भाई साहब! आपने लिखके दिया था! झंडा नहीं, लिखा है कि नहीं लिखा?"

"यह झंडा नहीं है," मी म्हणालो.

"तो क्या है?"

"कपड़ा है. मांग नंबर पांच."

"इतना लंबा कपड़ा कौन पहनता है?"

"हम," माय म्हणाली. मग तिच्या हिंदीत, "भैया, झंडा नहीं, लुगडा है. हमारे उधर बाहर नहीं सुखा सकते. राख गिरती."

"राख? कहां से?"

मायनं बोट वर केलं.

तो आभाळाकडे बघायला लागला. पाणी नाही, झाड नाही, वर्षातले कित्येक दिवस डोळ्यांत रेती जाते अशा गावातला माणूस, आणि तो माझ्या मायकडे दया आल्यासारखा बघत होता. त्यानं लुगड्याच्या काठाला हात लावला, झटकला. काही पडलं नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"आपने हमको छह मांगें भेजीं. संडास की, कंदील की. इस राख पर कितनी लिखीं?"

मी मनातल्या मनात मोजलं. पाण्यावर लिहिलं होतं, पासावर लिहिलं होतं, रॉकेलवर, दूरदूरच्या देशांतल्या अन्यायावर चार पानी लिहिलं होतं. मायचं लुगडं माझ्या डोक्यावरून, जेवताना ताटाच्या वर लोंबत होतं, इतकी वर्षं. मी ते हातानं बाजूला सारून जेवत होतो.

"एक भी नहीं," मी म्हणालो.

"त्याले टाइम कुठी होता," माय म्हणाली. तिची पाठ आमच्याकडे होती. ती उन्हात कपड्यावरून हात फिरवून वाळलं का ते पाहत होती.

खाली उतरून मी व्यवस्थापकाकडे एक कोरा कागद मागितला. त्यानं कपाट उघडलं, कागद काढला, माझ्यापुढे धरला, आणि सोडायच्या आधी विचारलं,

"प्रति किस-किस को जाएगी?"